माघातला नवा

देव नाकारणारी बाई मी नाही, पण देवावर काम सोडून देणारीही नाही. गोंदियातल्या एका लॅबमध्ये मी लोकांचं रक्त घेते आणि तपासते. माझे वडील राइस मिलमध्ये पोती उचलायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, बी.एस्सी. झाले, मग लॅबचा डिप्लोमा केला. हे सांगताना मला आजही बरं वाटतं, लपवायचं कशाला? माणसाला काय झालंय ते रक्तात दिसतं, एवढी साधी माझी श्रद्धा होती. मागच्या हिवाळ्यात माझे सासरे जेवेनासे झाले आणि त्यांचं रक्त मला काहीच सांगेना. तिथून ही गोष्ट सुरू होते.

आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. मामाजी पंचाहत्तरीच्या पुढचे. गाव सौंदडजवळ, धानाची शेती. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर सासूबाई गेल्या आणि आम्ही मामाजींना गोंदियाजवळ कुडव्याला आमच्या घरी घेऊन आलो. माझे मिस्टर रोज तिरोड्याला नोकरीला जातात, मी लॅबमध्ये. घर दिवसभर रिकामं. रस्त्याकडची खोली मामाजींना दिली. पलंग, पंखा, टीव्ही सगळं लावून दिलं. शेती चुलत दिरांना बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिली. "आयुष्यभर चिखलात राबले तुम्ही, आता आराम करा," असं मी म्हणायची, आणि मनापासून म्हणायची. ते भाजी आणायला निघाले की मी थैली काढून घ्यायची, "राहू द्या मामाजी, मी येताना आणते." एकदा माझ्याआधी उठून त्यांनी अंगण झाडलं तर मला लाज वाटली. शेजारी काय म्हणतील, शिकलेली सून म्हाताऱ्याला झाडायला लावते. झाडूही काढून घेतला. यालाच मी सेवा समजत होते. ते कधी काही बोलले नाहीत. खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायचे.

पहिलं वर्ष दुखवट्याचं, म्हणून सणवार केले नाहीत, घरात जुनाच तांदूळ शिजला. दुसऱ्या वर्षी कार्तिकात चुलत दिरांनी तांदळाचं पोतं पाठवलं. मी हमालाची मुलगी, मूठभर तांदूळ नाकाशी नेला की नवा की जुना ते मला कळतं. हा अगदी ताजा होता. मला वाटलं, आपल्या शेतातला भात खाऊन मामाजी खूश होतील. त्याच संध्याकाळी कुकर लावला आणि पहिलं ताट त्यांनाच वाढलं. दोन घास खाऊन ते थांबले.

"हा भात नवा हाय का बेटा?"

"हो मामाजी, तुमच्याच बांधीतला. आजच पोतं आलं."

मी कौतुकाची वाट बघत उभी होते. ते ताटाकडे बघत राहिले. मग "हो," एवढंच म्हणाले, पाणी प्यायले आणि उठले. ताटातला भात तसाच. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ताटात शीत टाकलं नव्हतं, त्यानं भरलं ताट टाकलं. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

त्या दिवसापासून घरात तोच तांदूळ शिजायला लागला आणि मामाजींनी भात सोडला. आमचा मुलुख भाताचा. दोन वेळा भात नाही तर जेवलो असं इथे कुणाला वाटत नाही. आणि मामाजींना तर दाढाच उरल्या नव्हत्या, मऊ भातच त्यांना चालायचा. "पोट जड हाय," म्हणायचे आणि चहात अर्धी पोळी बुडवून खायचे. पौष लागेपर्यंत गळ्याची हाडं दिसायला लागली. त्यांचं वजन मी दर रविवारी करायची. चोपन्नवरून सत्तेचाळीसवर आलं.

मी माझ्या परीनं सगळं केलं. त्यांच्या दंडाला पट्टी बांधून स्वतः रक्त काढलं. साखर बघितली, लिव्हर, किडनी, थायरॉईड. सोनोग्राफी करून घेतली. दोन डॉक्टरांना दाखवलं. सगळं वयाच्या मानानं ठीक. एक डॉक्टर म्हणाले, भूक वाढवायचं औषध देतो. दुसरे म्हणाले, एकटेपणा असेल. शेजारीण म्हणाली, नजर लागली. मिस्टरांशी तर माझी रोज खटखट.

"वय झालं न आता," ते म्हणायचे. "म्हातारा माणूस किती खाईन?"

"सत्तेचाळीस किलो झालेत."

"अन् तुये रिपोर्ट काय म्हणतात?"

"नॉर्मल."

"मंग?"

"मंगच तर विचारून राहिली मी."

यावर ते मोबाईल काढून बसायचे. त्यांनाही भीती वाटत होती, हे मला नंतर कळलं. बापाला तोंडावर विचारायची त्यांच्या घरात रीत नव्हती. आणि मी? मी रक्ताला विचारलं, लघवीला विचारलं, मशीनला विचारलं. मामाजींना विचारलं ते एवढंच, "काही दुखतं का?" ते नाही म्हणाले, आणि ते खरंच होतं.

कारण सापडत नाही, याचा मला फार त्रास होतो. लॅबमध्ये एखादी स्लाइड नीट लागली नाही तर मी दुसरी करते, तिसरी करते. पण इथे स्लाइडच नव्हती. माघातल्या एका सकाळी मामाजींनी दोन घोट चहा घेऊन कप खाली ठेवला. मी देवापुढे उभी होते. त्या दिवशी मी कधी नव्हे ते मागणं मागितलं. त्यांना बरं कर, असं मी मागितलं नाही. खरं सांगते, तसं मागायची माझी जीभ वळली नाही, कारण बरं करणं हे माझं काम आहे असं मला वाटत होतं. मी म्हटलं, मला फक्त कारण दाखव. माझी अक्कल संपली आता. एवढं म्हणायलाही मला बराच वेळ लागला.

दोन दिवसांनी मामाजी आपणहून बोलले. "बेटा, मले एकदा गावाले नेऊन दे." मिस्टरांना सुट्टी नव्हती. मी बुधवारची रजा टाकली आणि आम्ही दोघं गोंदियाहून सौंदडकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो. त्यांना चढवताना मी दंडाला धरलं, तर हात सगळा माझ्या मुठीत मावला. डबा अर्धा रिकामा होता. खिडकीशी त्यांना बसवलं, शेजारी मी.

गाडीनं स्टेशन सोडलं आणि एक म्हातारी धापा टाकत आमच्या समोर येऊन बसली. नऊवारी, कपाळावर गोंदण, मांडीवर जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी मोठं.

"ही तिरोड्याचीच गाडी होय नं जी?"

"नाही बाई," मामाजी म्हणाले. "ही सौंदडकडं जाऊन राहिली."

"हात् मेलं. त्या पोट्ट्यानं तीन नंबर म्हनलं, मी तीनवर चढली."

"आता बसा. पुढच्या टेसनावर उतरजा, वापस गाडी भेटन."

तिनं फार मनावर घेतलं नाही. मांडीवरचं सोडून बघायला लागली, मोडलंबिडलं तर नाही म्हणून. आत धानाच्या लोंब्या वेणीसारख्या विणून केलेली झालर होती. अशी झालर घराच्या दारावर टांगतात, चिमण्यांनी येऊन दाणे खावे म्हणून. तिरोड्याला तिच्या मुलीनं नवं घर बांधलं होतं, त्या दारासाठी ती नेत होती. मामाजींनी हात पुढे करून एक लोंबी दोन बोटांत धरली. बराच वेळ सोडली नाही. मग मी डोळे मिटून घेतले. रात्रभर झोप नव्हती आणि डोकं दुखत होतं.

"काऊन जी," म्हातारी म्हणाली, "असे कायले वाळले? सून जेवाले नाही देत का?"

"तसं नोको म्हनू बाई. लय करते. हाताले काम लागू देत नाही."

"मंग?"

गाडी कुठल्यातरी सिग्नलला थांबली. मला वाटलं, आता मामाजी टाळतील. पण आम्हाला तीन महिन्यांत जे सांगितलं नाही, ते त्यांनी त्या अनोळखी बाईला सांगितलं.

आमच्या सासरी रीत अशी की नवं धान घरात आलं की आधी नवा करायचा. मातीचा लहानसा ओटा, त्याला चौरी म्हणतात, त्यात कुळाचा देव. घरातला सगळ्यात मोठा माणूस नव्या तांदळाची खीर आपल्या हातानं देवापुढे विस्तवावर टाकतो, मग पळसाच्या पानावर एकेकाला घास देतो. त्याआधी नव्या तांदळाचं शीत कुणी तोंडात घालत नाही. याची सगळी तयारी सासूबाई असेपर्यंत त्याच करायच्या. मला वर्षातून एक दिवस खीर मिळायची, एवढंच माहीत; आई गेली तसा नवाही संपला, असं मिस्टरांनी धरलं होतं. माझ्या माहेरी शेत नव्हतं, तर नवा कुठला? मिलमधून मिळेल तो तांदूळ शिजायचा.

"माझ्या बापाच्या हातचा नवा मी खाल्ला," मामाजी म्हणत होते. "तो मेला, मंग माझा हात लागला. मोठ्याचा हात कवा सुटते? तो मेल्यावर. अन् माझ्या ताटात नवा भात आला बाई, मले न इचारता. म्हनलं, घरानं आपल्याले गेल्यात धरलं."

"सुनेले सांगतलं का?"

"मागून घेतला तं मान कसा म्हनाचा?"

"अन् भात कायले सोडला?"

"देवाले न देता कसा खाऊ? अन् आता देऊ तरी कसा? कुकरात शिजला, ताटात आला, माझ्याच तोंडून उष्टा झाला. देवाले उष्टं देऊ का?"

मी डोळे उघडू शकले नाही. मला कारण हवं होतं ना, ते माझ्या शेजारीच बसून बोलत होतं. रुसवा नव्हता तो. साधा नेम होता. आणि त्या नेमातून बाहेर यायची वाटच मी त्या संध्याकाळी बंद करून टाकली होती, मोठ्या हौसेनं.

म्हातारी हसायला लागली. "म्हंजे जित्तेपनी मेले तुमी, अन् सुनेले पत्ताच नाही. वा जी. तिच्या पोटात का लाइट लागून हाय, तुमच्या मनातलं दिसाले?" मग माझ्या गुडघ्यावर थाप पडली. "अन् तू वो माय, झोपेचं सोंग नोको घेऊ. डोळे हालून राहिले तुये. काय शिकली तू?"

"बी.एस्सी.," डोळे उघडत मी म्हटलं.

"मंग घरात मोठ्याले इचारा लागते, हे कॉलेजात नाही शिकवत का?"

"नाही शिकवत," मी म्हटलं.

तिनं झालरीच्या एका बाजूनं लोंब्या उपटायला सुरुवात केली. नीट विणलेलं काम, पण तिनं मागेपुढे बघितलं नाही. चांगल्या ओंजळभर लोंब्या मामाजींच्या मांडीवर ठेवल्या. "हा यंदाचाच धान, माझ्या बांधीचा. कापल्यापासून माळ्यावर टांगून होता. तुमच्या घरात याचा दाना गेला नाही. उष्टा नाही."

"दुसऱ्याच्या धानाचा नवा?" मामाजी म्हणाले. "असं नसते बाई."

"काऊन? देव काय तलाठी हाय, सातबारा पायाले?"

मामाजी हसले. तोंडात दात नाहीत, त्यामुळे ते हसले की सगळा चेहराच हसतो. किती महिन्यांनी मी ते पाहिलं. गाडी पुढच्या स्टेशनावर थांबली तेव्हा म्हातारी उरलेली झालर धोतरात गुंडाळून उतरली. मी दारापर्यंत गेले, तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, "नाव कायले पायजे? म्हाताऱ्याले जेवू घाल." फलाटावरच्या बाकावर ती परतीच्या गाडीची वाट बघत बसली, आणि आमची गाडी निघाली.

गावी पोचल्याबरोबर मी मिस्टरांना फोन केला. "लगेच निघून या. नवा करायचा आहे." ते म्हणाले, "माघात?" मी म्हटलं, "हो, माघात. या तुम्ही." माझा आवाज ऐकून त्यांनी पुढे विचारलं नाही. दोन तासांत मोटरसायकलनं आले. तोपर्यंत चुलत जाऊबाईंकडून किल्ली घेऊन मी घर उघडलं होतं. चौरीला भेगा पडल्या होत्या. मी आणि जाऊबाईंनी मिळून ती शेणामातीनं सारवली. मला हे काम येत नाही, बोटांचे ओरखडे उठले. मामाजी खाटेवर बसून सांगत होते, "पानी कमी घे बेटा. उलट्या हातानं नाही, सुलट्या हातानं." मी प्रत्येक गोष्ट त्यांना विचारत होते. लोंब्या कशा चोळायच्या, उखळात किती घालायचं, कोंडा किती काढायचा, दूध आधी की तांदूळ आधी. काही गोष्टी तर विचारायची गरजही नव्हती, तरी विचारत होते. आणि ते सांगत होते. कुडव्याला आल्यापासून जेवढे बोलले नसतील तेवढे त्या दुपारी बोलले. हा माणूस आमच्या घरात गप्प का असायचा, तेही मला तिथेच कळलं. आम्ही त्यांना सांगायला काही ठेवलंच नव्हतं.

तांदूळ निघाला वाटीभर. दुधात शिजवला. मामाजींनी आंघोळ करून धोतर नेसलं आणि चौरीपुढे बसले. दोन शितं विस्तवाबाहेर पडली, ती त्यांनी उचलून पुन्हा विस्तवावर ठेवली. घाई नव्हती. मग पळसाच्या पानावर वयाच्या क्रमानं घास दिले. चुलत दिरांना, मिस्टरांना, जाऊबाईंना, शेवटी मला. मी वाकले तेव्हा ते हळूच म्हणाले, "पुढच्या वर्सी मले इचारजो बेटा."

"तुम्हीसुद्धा सांगत जा मामाजी," मी म्हटलं. "मला नाही कळत सगळं."

"हो," ते म्हणाले. "माझीबी अकड होती."

मग त्यांनी आपला घास खाल्ला. सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे लागले होते, आणि ते त्यांना आवडलं नाही. "काय पायता जी सारे? सिनेमा हाय का?" थोडा वेळ गेला. खीर तर संपली होती. त्यांनी जाऊबाईंकडे मान वळवली. "भात हाय का वो घरी? वरण असन तं तेबी आन."

जाऊबाई धावतच आपल्या घरी गेल्या आणि पातेलं घेऊन आल्या. त्याच बांधीतला तांदूळ, जो तीन महिने मामाजींच्या गळ्याखाली उतरला नव्हता. नवा झाला होता, आता तो सगळ्यांसाठी मोकळा होता. मामाजींनी भात कालवला, खाल्ला, पुन्हा मागितला. मिस्टर उठून अंगणात गेले आणि बराच वेळ मोटरसायकल पुसत राहिले. मी वाढत होते. माझ्या नखांत सारवणाची माती होती, तशीच.

या गोष्टीला वर्ष होत आलं. मामाजींचं वजन परत आलं आहे. मध्यंतरी मी पुन्हा त्यांचं रक्त तपासलं, उगाच, माझ्या समाधानासाठी. तेव्हाही नॉर्मल होतं, आताही नॉर्मल आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर त्या तीन महिन्यांत या माणसाला काही झालं होतं हे कुणाला कळायचं नाही. म्हणून मी माझ्या शिक्षणाला कमी लेखत नाही. ते मी कष्टानं मिळवलं आहे आणि रोज लोकांच्या उपयोगी पडतं. पण मला जे येतं त्याला एक काठ आहे, आणि त्या काठापाशी येऊन 'मला कळत नाही' असं म्हणणं मला माघाआधी जमत नव्हतं. देवापुढे एकदा म्हटलं, मग सासऱ्यांपुढे म्हणणं सोपं गेलं. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं असं मी समजायची. मला जे शरण जाणं आलं ते फार साधं होतं. आपल्याला वाटतं तेच दुसऱ्याचं सुख, हा हट्ट सोडायचा आणि त्यालाच विचारायचं.

त्या म्हातारीबद्दल लोक मला विचारतात. कुणी म्हणतं, ती देवीच होती. मी तसं म्हणत नाही. आमच्या जिल्ह्यात अशा तोंडाच्या फटकळ म्हाताऱ्या प्रत्येक गाडीत बसलेल्या असतात. मिस्टरांनी मात्र तिरोड्यात नव्या घरांच्या दारांवर बरेच दिवस नजर ठेवली. एका बाजूनं उपटलेली झालर त्यांना कुठे दिसली नाही. मी त्यांना म्हटलं, राहू द्या आता. तिची गाडी चुकली, आणि तिच्या चुकीनं माझी चूक निस्तरली. या दोन चुका त्या एका डब्यात समोरासमोर कुणी बसवल्या? तपासणं हा माझा धंदा आहे, पण ही एवढी गोष्ट मी तपासायला घेतलेली नाही. ती आठवली की माझे हात आपोआप जोडले जातात, आणि मी ते जोडू देते.